सेकंडहँड केग: एक गळतो, एक फेसाळतो, एकाचा कनेक्टर निघत नाही

तळघरवाला | शनिवार, रात्री ९:१०

मंडळी, मदत हवी आहे. मिल्वॉकीजवळ राहतो, दोन वर्षांपासून तळघरात घरची बिअर करतो. आजवर बाटल्या भरायचो. एका घाण्याला पन्नासेक बाटल्या धुवायच्या, भरायच्या, बुचं मारायची. कंटाळलो. मागच्या आठवड्यात एका जाहिरातीवरून तीन जुने पाच गॅलनचे केग घेतले, ज्यांना इकडे कॉर्नी म्हणतात ते. विकणारे आजोबा सगळा पसारा मोडून फ्लोरिडाला निघाले होते. "एव्हरीथिंग वर्क्स" म्हणाले. मी मान डोलावली आणि पैसे दिले.

आता तिघांची रड ऐका. नावं आमच्या घरात पडलीत तीच वापरतो.

थोरला: १२ पीएसआयच्या दाबावर गॅस लावून झोपलो. सकाळी कार्बन डायऑक्साइडचा पाच पौंडांचा नवाकोरा सिलिंडर रिकामा.

मधला: गळत नाही (बहुतेक). पण तोटी सोडली की ग्लासात नुसता फेस. पाऊण ग्लास फेस, खाली दोन बोटं बिअर.

धाकटा: गॅसचा कनेक्टर दाबून बसवला तो निघेचना. शेवटी बायकोने केग धरला, मी ओढला, दोघं दोन दिशांना पडलो.

झाकणाची रबरं तिन्ही नवीन घातली आहेत. अजून काय बघू? की भंगारात घालू?

टवाळखोर | शनिवार, रात्री ९:२२

तिघांमध्ये धाकटाच शहाणा दिसतो. एकदा धरलेलं सोडत नाही.

हॉप्सवेल | शनिवार, रात्री ९:४८

भंगारात बिलकूल घालू नका. स्टेनलेसचा डबा आहे, तुमच्या नातवंडांना पुरेल. बिघडतं ते रबर, स्प्रिंग आणि मागच्या मालकाचं डोकं.

पहिलं काम: थोरल्याचा गॅस मुख्य व्हॉल्व्हला बंद करा आणि गळती सापडेपर्यंत रात्रभर सिलिंडर उघडा ठेवू नका. दुसरं: केगचे पोस्ट, म्हणजे वरची नळ्या जोडायची दोन तोंडं, बॉल लॉकची की पिन लॉकची? हे डबे मूळचे सोडा कंपन्यांचे, पेप्सीवाले बॉल वापरायचे, कोकवाले पिन. पिन लॉक असेल तर गॅसच्या पोस्टला दोन पिना असतात आणि पेयाच्या पोस्टला तीन, त्यामुळे चूक करायला जागाच नाही. बॉल लॉकमध्ये दोन्ही पोस्ट लांबून सारखेच दिसतात आणि तिथेच लोक मार खातात.

तिसरं: झाकणाचं रबर बदललंत, छान. पण एका केगमध्ये पाच रबरं असतात. झाकणाचं एक, दोन पोस्टच्या बाहेरून दोन, आणि पोस्ट उघडल्यावर आतल्या नळ्यांच्या कॉलरखाली दोन. ही शेवटची दोन कोणाला दिसत नाहीत, म्हणून कोणी बदलत नाही.

पोळपाट | शनिवार, रात्री १०:०५

मला बिअरमधलं काही कळत नाही, पण कुकरमधलं कळतं. रिंग नवीन असली तरी सुरुवातीला वाफ जातेच. झाकण जरा वर ओढून धरलं की आतून प्रेशर बसतं आणि मग जात नाही. तुमच्या केगचं झाकण पण आतूनच लागतं ना? १२ ने ते नीट बसत असेल का?

हॉप्सवेल | शनिवार, रात्री १०:११

ताई, बिअरमधलं काही कळत नाही म्हणालात आणि निम्मा धागा सोडवलात. अगदी हेच. अंडाकृती झाकण आतून वर येऊन बसतं. आधी ३० पीएसआय देऊन ते "ठक्" बसवायचं, मग दाब १२ वर आणायचा. जुन्या केगची कड थोडी चेमटलेली असली तर याशिवाय बसतच नाही.

शेवटची गोटी | शनिवार, रात्री १०:३०

कुकर कशाला, गोटी सोडा आठवा की! सांगलीत आमच्या आजोबांची सोड्याची गाडी होती. बाटलीच्या गळ्यात रबराची रिंग, आत काचेची गोटी. बाटली उलटी धरून गॅस भरायचा, सरळ केली की आतल्या दाबाने गोटी रिंगेत जाऊन बसायची. दाब कमी पडला तर गोटी नुसती खुळखुळायची आणि सोडा सकाळपर्यंत पाणी. इंग्लंडच्या हायरम कॉडने १८७२ मध्ये पेटंट घेतलेली बाटली आहे ती. तुमचा केग म्हणजे तीच बाटली, फक्त पोलादी आणि महाग.

आजोबा रिंग बदलताना पाण्यात बोट बुडवून ओली करूनच बसवायचे. कोरडी रिंग पिळली जाते म्हणायचे.

तळघरवाला | शनिवार, रात्री ११:०२

तिन्ही बॉल लॉक आहेत. उद्या थोरल्याला ३० देऊन बघतो. रात्री झाकणाला साबणपाणी लावून पाहिलं होतं, तिथे बुडबुडा नाही. पोस्टना लावायचं सुचलं नाही.

पोस्ट उघडायला गेलो तर वेगळीच गंमत. थोरल्याच्या एका पोस्टला ११/१६ चा सॉकेट बसतो, दुसऱ्याला तो लहान पडतो, ७/८ लागतो. मेट्रिक १७ आणि १८ दोन्ही वापरून पाहिले, एक जात नाही, एक गरागरा फिरतो.

आटेदार | रविवार, पहाटे ६:१५

थांबा. ३० पीएसआय देऊ नका. आधी हे वाचा.

भोसरीत बारा वर्षं टर्निंग केलंय, आता डेट्रॉइटजवळ. आट्यांवरच पोट भरलं आहे, म्हणून बोलतो.

सोडा कंपन्यांना हे डबे एकाच कारखान्याने पुरवले नाहीत. मिनेसोटातल्या कॉर्नेलियसच्या नावावरून सगळ्यांना कॉर्नी म्हणतात खरं, पण फायरस्टोनने बनवले, जॉन वुडने बनवले. प्रत्येकाच्या पोस्टचे आटे सारखे नाहीत. कॉर्नेलियसच्या नेहमीच्या मॉडेलांना १९/३२ इंच, फायरस्टोनच्या काही मॉडेलांना ९/१६. पिच दोन्हीकडे तोच, इंचाला १८ आटे. फरक फक्त १/३२ इंच, म्हणजे मिलिमीटरलाही कमी.

आता गंमत बघा. पोस्ट म्हणजे नट, आटे आतून. लहान पोस्ट मोठ्या मानेवर चढणारच नाही, ते लगेच कळतं. पण मोठा पोस्ट लहान मानेवर चढतो! पिच तोच असल्यामुळे मुकाट्याने फिरतो, शेवटी जरा घट्टही लागतो. माणसाला वाटतं बसला. प्रत्यक्षात आटे एकमेकांना टोकाटोकाने धरून असतात. खालची रिंग दाबलीच जात नाही, म्हणून बुडातून गॅस जातो. आणि जास्त दाब दिलात तर तो पोस्ट बंदुकीच्या गोळीसारखा सुटू शकतो.

एकाच केगवर दोन मापांचे सॉकेट लागतात याचा अर्थ बहुधा एक पोस्ट परक्या घरचा आहे. केगवर कारखान्याचं नाव कोरलेलं असतं ते वाचा. मग आतला दाब पूर्ण सोडून दोन्ही पोस्ट काढा आणि हाताने, पाना न लावता, परत चढवून बघा. परका पोस्ट वर-खाली लटपटतो.

नळवाले काका | रविवार, सकाळी ७:४०

एवढं रामायण कशाला? आट्यावर टेफ्लॉन टेपचे चार फेरे मारा, पोस्ट घट्ट पिळा, विषय संपला. नाशकात तीस वर्षं प्लंबिंग केलं. आमच्या वेळी टेपही नव्हती, सफेदा आणि सुतळी. अजून एक जोड गळलेला नाही.

आटेदार | रविवार, सकाळी ८:०२

काका, तुमच्या सुतळीला नमस्कार. पण तुमच्या पाइपाचे आटे निमुळते असतात. पिळत गेलं की आटाच पाचरीसारखा दाबतो आणि पाणी अडवतो. तिथे टेप हवीच. केगच्या पोस्टचे आटे सरळ आहेत, ते फक्त खाली दाबायला. गॅस अडवायचं काम आतल्या रिंगेचं. टेप मारून रिंगेचं काम होत नाही, उलट टेपच्या जाडीने चुकीचा पोस्टसुद्धा "घट्ट" वाटायला लागतो. म्हणजे तुमचा उपाय या माणसाचं दुखणं झाकून ठेवेल आणि एक दिवस पोस्ट त्याच्या कपाळावर बसेल.

रेग्युलेटरच्या मोठ्या नटालाही तेच. तिथे नायलॉनचा वायसर असतो, टेप नाही.

नळवाले काका | रविवार, सकाळी ८:३०

सरळ आटे आहेत हे आधी सांगायचं. मग बरोबर. गिझरच्या पाइपाला मात्र माझंच खरं.

टवाळखोर | रविवार, सकाळी ८:३३

या संस्थळावर कोणीतरी "मग बरोबर" म्हणालं! स्क्रीनशॉट काढून फ्रेम करतोय.

कोकणी मेवा | रविवार, सकाळी ९:१०

अवांतर प्रश्न. मी चिपळूणला. असा केग इथे मिळाला तर घरी बिअर करता येईल का? आणि नसेल तर त्यात कोकम सोडा होईल का? उन्हाळ्यात घरी वीस-पंचवीस माणसं असतात.

फेसबुडबुडा | रविवार, सकाळी ९:२५

बिअर नाही हो. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा, नाव बदललं तरी कायदा तोच. परवान्याशिवाय घरी दारू गाळणंच काय, बिअर आंबवणंही गुन्हा. पुण्यात २००९ मध्ये डूलालीने पहिली मायक्रोब्रुअरी काढली तीही रीतसर परवाना घेऊन.

अमेरिकेतही हे फार जुनं नाही. दारूबंदी १९३३ ला उठली, पण घरच्या बिअरला केंद्राची करमुक्त परवानगी मिळाली ती १९७८ च्या कायद्याने, अध्यक्ष कार्टर यांच्या सहीने. घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००. विकायची मात्र नाही. आणि राज्यं आपापल्या गतीने चालली. अलाबामा आणि मिसिसिपीने २०१३ पर्यंत वाट बघायला लावली.

कोकम सोडा जोरात होईल. फक्त आगळात मीठ घालू नका, कोकमाचं आंबट आणि मीठ दोन्ही महिनाभर स्टेनलेसला लागून ठेवणं बरं नाही. मीठ-जिरं ग्लासात.

पोळपाट | रविवार, सकाळी ९:४१

आगळात मीठ असतंच. म्हणून विकतचं आगळ नको. बिनमिठाचं अमृत कोकम, म्हणजे साखरेतलं सरबत, ते पातळ करून घाला आणि आधी गाळून घ्या. एक साल नळीत अडकलं की बसा पाना घेऊन.

संपादक मंडळ | रविवार, सकाळी १०:००

गाळण्याविषयीचा (कोकम नव्हे, दुसरं) एक प्रतिसाद काढला आहे. धागा केगच्या दुरुस्तीचा आहे, कृपया तिथेच राहू द्या. कोकम सोड्याला हरकत नाही.

तळघरवाला | रविवार, दुपारी १:२०

आटेदार, पायाचा फोटो पाठवा, नमस्कार करतो.

थोरल्याच्या अंगावर "फायरस्टोन" कोरलेलं आहे, रबरी बुटाखाली लपलं होतं. पेयाचा पोस्ट मूळचा, हाताने चढवला तर लोण्यासारखा गेला. गॅसचा पोस्ट हाताने चढवला तर दात हलावा तसा हलतोय. काल रात्री मी त्यावर ३० द्यायला निघालो होतो.

मला वाटलं याचा खरा पोस्ट उरलेल्या दोघांवर असेल. नाही. ते दोन्ही कॉर्नेलियस, त्यांच्यावर लहान पोस्ट चढणारच नाही. म्हणजे आजोबांनी मूळ पोस्ट कधीतरी हरवला आणि डब्यातला सापडला तो लावला. फ्लोरिडाला फोन करून भांडावंसं वाटलं, पण वय बघून सोडलं. नवीन पोस्ट मागवला आहे, मॉडेलचं नाव देऊन.

तोवर मधला आणि धाकटा.

आटेदार | रविवार, दुपारी १:३५

पोस्टबरोबर पॉपेटही त्याच मेकचं मागवा. पोस्टच्या पोटात स्प्रिंगवाला छोटा खिळा असतो तो. त्याची उंची मेकप्रमाणे बदलते. लांब पडला तर कायम उघडा राहतो, आखूड पडला तर कनेक्टर लावूनही उघडत नाही. सगळ्यांना चालणारी म्हणून विकतात ती पॉपेटं निकडीला ठीक.

आणि यापुढे तिन्ही केग एकदम उघडू नका. एक उघडायचा, त्याचे भाग एका ताटलीत, तो जोडून झाला की दुसरा. आजोबांनी नेमकं हेच केलं नसणार. तिघांचे नट एका बादलीत धुतले आणि हाताला येईल तो लावला.

हॉप्सवेल | रविवार, दुपारी २:१०

गळती कुठून, हे ओळखायची माझी रीत सांगतो. पोस्टवर साबणपाणी लावा आणि दोनदा बघा, कनेक्टर काढून आणि लावून. काढलेला असताना मधल्या भोकातून बुडबुडे आले तर पॉपेट. लावल्यावरच कनेक्टरच्या कडेने आले तर पोस्टची बाहेरची रिंग, किंवा कनेक्टर स्वतः. दोन्ही वेळा पोस्टच्या बुडाशी आले तर नळीच्या कॉलरखालची रिंग, नाहीतर तुमच्यासारखा परका पोस्ट. एवढं केलं की अंदाजपंचे रबरं बदलत बसावं लागत नाही.

काहीच सापडलं नाही तर पंक्चरवाल्याची पद्धत. टबात पाणी, केग आडवा बुडवा आणि गप्प बसून बघा.

धाकट्याचं मी न बघता सांगतो. पोस्टची अदलाबदल. केगच्या काठावर "इन" आणि "आउट" लिहिलेलं असतं. इनला गॅस, करडा कनेक्टर. आउटला पेय, काळा कनेक्टर. गॅसच्या पोस्टच्या षटकोनी बुडावर बारीक खाचा असतात, पेयाचा पोस्ट गुळगुळीत. करडा कनेक्टर गुळगुळीत पोस्टवर जोर लावून बसवला की तो बसतो, पण निघत नाही.

तळघरवाला | रविवार, संध्याकाळी ५:५०

धाकटा: इनवर गुळगुळीत, आउटवर खाचांचा. अदलाबदल केली. आता कनेक्टर दोन बोटांनी बसतो, दोन बोटांनी निघतो. बायको म्हणते, "एवढ्यासाठी मी जमिनीवर पडले?"

मधल्याचा फेस मात्र तसाच. फ्रीज ३८ फॅरनहाइट, दाब १२.

फेसबुडबुडा | रविवार, संध्याकाळी ६:१५

फेस म्हणजे नळी आखूड. तीन-षोडशांश इंचाची नळी किमान दहा फूट हवी, नाहीतर दाब वाटेत जिरत नाही. तुमची किती?

हॉप्सवेल | रविवार, संध्याकाळी ६:२८

असहमत. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. त्याच फ्रीजमध्ये, त्याच नळीवर, तीच बिअर धाकट्यातून नीट येत असेल तर नळीचा दोष कसा? तळघरवाले, धाकट्यातून ओतून बघितलंत का?

तळघरवाला | रविवार, संध्याकाळी ७:०५

आत्ता तीच नळी धाकट्याला लावली. (साडेआठ फूट भरली.) पहिला ग्लास झकास, दीड बोट फेस. परत मधल्याला लावली तर पुन्हा शेव्हिंग क्रीम. आणि एक दिसलं: नळीत कनेक्टरपासूनच बारीक बुडबुड्यांची माळ चालू होते.

हॉप्सवेल | रविवार, संध्याकाळी ७:१२

सापडला. पेयाच्या पोस्टखाली लांब नळीच्या कॉलरला जी छोटी रिंग असते, ती तडकली आहे किंवा नाहीच. केगच्या वरच्या भागातला गॅस तिथून शिरतो आणि चढणाऱ्या बिअरमध्ये मिसळतो. बाहेर गळत नाही म्हणून साबणपाण्याला कळत नाही. आतल्या आत चोरी. माळ कनेक्टरपासून चालू झाली तर ही रिंग, तोटीजवळ चालू झाली तर गरम तोटी.

पण उघडण्याआधी दाब सोडा. झाकणावरची कडी ओढा, फुस्स पूर्ण थांबेपर्यंत धरा. मग पोस्टचं पॉपेटही स्क्रूड्रायव्हरने दाबून खात्री करा, तोंड बाजूला ठेवून. माझ्या एका केगच्या कडीत जुन्या सिरपचा चिकटा बसला होता. ओढली, आवाज आला नाही, मी म्हटलं रिकामा आहे. पोस्टचे शेवटचे दोन आटे राहिले आणि पोस्ट, स्प्रिंग, पॉपेट सगळं वर. पाठोपाठ लांब नळीतून काळ्या स्टाउटचं कारंजं. गॅरेजच्या छतावर तो डाग अजून आहे. बायकोने रंगवू दिला नाही, म्हणते आठवण राहू दे.

टवाळखोर | रविवार, संध्याकाळी ७:२०

हहपुवा! वहिनींना दंडवत.

फेसबुडबुडा | रविवार, संध्याकाळी ७:३१

माळ कनेक्टरपासून असेल तर मीही रिंगच म्हणतो. तरी नळी दहा फूट कराच.

रबरं घेताय तर झाकणाला सिलिकॉनची घ्या. मऊ असतात, चेमटलेल्या कडेवरही १२ पीएसआयला बसतात.

हॉप्सवेल | रविवार, संध्याकाळी ७:४०

बसतात, पण सिलिकॉनमधून वायू सहज आरपार जातो. चार महिने ठेवायची कडक बिअर असेल तर ऑक्सिजन आत येतो आणि बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव. महिन्यात संपवणार असाल तर बिनधास्त.

फेसबुडबुडा | रविवार, संध्याकाळी ७:४४

आमच्याकडे चार महिने टिकत नाही हो. चार शनिवार पण नाही.

शेवटची गोटी | रविवार, रात्री ८:१०

रबराला व्हॅसलीन लावलं तर चालतं का? आजोबा नुसतं पाणी लावायचे.

आटेदार | रविवार, रात्री ८:१८

आजोबा बरोबर. व्हॅसलीन पेट्रोलियमचं, ईपीडीएम रबर त्याने फुगतं आणि मऊ पडतं. शिवाय तेलकटपणाने बिअरचा फेस मरतो. खाद्यपदार्थांना चालणारं सिलिकॉन ग्रीस मिळतं, मसुराएवढं एका रिंगेला पुरे.

एक गोष्ट अजून कोणी बोललं नाही. पाच पौंड कार्बन डायऑक्साइड म्हणजे हजार लिटरच्या वर गॅस. तो हवेपेक्षा जड, खाली साचतो. बंद तळघरात रात्री सिलिंडर रिकामा झाला आणि सकाळी तुम्ही तिथे उतरलात. छोटी खोली असती, दार बंद असतं, वाकून काही शोधत बसला असतात तर? तळघरात हा गॅस मोजणारा मीटर बसवा, आणि डोकं जड वाटलं तर शोध घेत थांबायचं नाही, वर यायचं.

तळघरवाला | रविवार, रात्री ८:५५

हे डोक्यातच आलं नव्हतं. मीटर मागवतो. गंमत म्हणजे सकाळी खाली गेल्यावर मला गळतीपेक्षा सिलिंडरच्या पैशांचंच वाईट वाटत होतं.

रिकामा ग्लास | सोमवार, दुपारी १२:४०

धागा उशिरा पाहिला. मला एकजण बारमधला मोठा केग देतोय, मधोमध एकच तोंड असलेला, चाळीस डॉलरला. घेऊ का? त्याला हेच पोस्ट बसतील?

हॉप्सवेल | सोमवार, दुपारी १:०५

नाही आणि नाही. तो सँकी. त्याच्या मधल्या तोंडातला भाला कडीने अडकवलेला असतो, दाब न सोडता काढला तर जीवावर बेततं. दुसरं म्हणजे तो केग बहुधा ब्रुअरीच्या मालकीचा. दुकानात डिपॉझिट भरून केग घरी आणला म्हणजे विकत घेतला असं होत नाही. चाळीस डॉलरला चोरीचा माल कशाला?

तळघरवाला | शुक्रवार, रात्री ९:३०

पाच दिवसांचा हिशोब देतो.

मधला: रिंग होती, पण तिचे दोन तुकडे होते. पंचवीस सेंटचा माल. नवीन घातली, फेस दीड बोटावर. नळी अजून साडेआठ फूटच आहे, फेसबुडबुडा माफ करा.

थोरला: नवीन पोस्ट आणि पॉपेट आले, हातानेच गुळगुळीत चढले. रिकाम्या केगला ३० दिले, टबात बुडवला, दहा मिनिटं बघत बसलो. शून्य बुडबुडे. पोरगा शेजारी बसून मोजत होता, कंटाळून निघून गेला.

मग मंगळवारी त्यात नवीन पेल एल भरली, १२ वर लावली आणि यावेळी सिलिंडर वजनकाट्यावर ठेवला. सिलिंडरवरचा काटा दाबावर चालतो, वजनावर नाही, हे उशिरा कळलं. आतला द्रव संपेपर्यंत काटा हलतच नाही, घरच्या गॅससारखंच. आणि आता धक्का: बुधवारी वजन २५ ग्रॅमने कमी. गुरुवारी आणखी १५. आज १०. परत गळती? साबणपाण्याला कुठेच काही नाही. मी परत टेफ्लॉन टेपच्या विचारात आहे.

नळवाले काका | शुक्रवार, रात्री ९:४१

मी काही बोलत नाही.

हॉप्सवेल | शुक्रवार, रात्री ९:५५

अहो, ती गळती नव्हे, बिअर पितेय! आंबल्यावर बिअरमध्ये तिच्या आकारमानाच्या पाऊणपट-एकपट गॅस उरतो. ३८ फॅरनहाइटला १२ पीएसआयवर तो अडीचपट होतो. १९ लिटरला वरचा दीडपट-पावणेदोनपट म्हणजे तीसेक लिटर, लिटरला साधारण २ ग्रॅम. हिशोब साठ ग्रॅमच्या आसपास येतो. तुमचे ५० झाले. रोज कमी कमी होतंय, हाच पुरावा. गळती असती तर रोज सारखंच गेलं असतं. अजून काही दिवस थांबा आणि काही उघडू नका.

आटेदार | शुक्रवार, रात्री १०:०२

+१. पाना कपाटात ठेवा. किल्ली वहिनींकडे द्या.

पोळपाट | शुक्रवार, रात्री १०:२०

धाकट्याचं काय झालं? त्याच्यात काय भरणार?

तळघरवाला | शुक्रवार, रात्री १०:३३

धाकट्यातली ती बिअर संपली, आणि रिकामा झाल्यावर कळलं की त्यात पूर्वी रूट बिअर (नावाला बिअर, खरं तर गोड सोडा) असणार. उघडला की आयोडेक्सचा वास. बिअर थंड असताना जाणवला नव्हता, किंवा पाहुणे सभ्य होते. क्षारीय पावडरच्या गरम पाण्यात रात्रभर भिजवला, तरी वास आहेच.

हॉप्सवेल | शुक्रवार, रात्री १०:४०

वास पोलादात नसतो, रबरात असतो. झाकणाचं बदललंत, बाकीची चार जुनीच आहेत ना? चारही फेका. ब्लीच मात्र घालू नका, स्टेनलेसला बारीक खड्डे पडतात.

तळघरवाला | बुधवार, रात्री ८:१५

सिलिंडर: शनिवारी ५ ग्रॅम, रविवारी ३, सोमवारपासून वजनकाटा जागचा हललेला नाही. थोरल्यातून आज पहिला ग्लास घेतला.

धाकट्याची चारही रबरं बदलली, वास गेला. त्यात पोळपाटताईंच्या सांगण्याप्रमाणे अमृत कोकम गाळून, पातळ करून घातलंय, ३० पीएसआयवर. मंडळाच्या सहलीला नेणार आहे. कोकणी मेवा, मीठ-जिरं ग्लासातच ठेवलंय.

कोकणी मेवा | बुधवार, रात्री ८:४०

इथे केग शोधतोय. चिपळुणातला भंगारवाला म्हणाला, आणून देतो, पण पोस्टला पिना किती हव्यात ते सांगा.